भोटूला घास जात नाही

तीर्थस्वरूप थोरले भाऊ मचलू राम यांच्या चरणी धाकट्या फिन्नूचा शिरसाष्टांग नमस्कार. भोलेनाथाच्या कृपेनं इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणी नाही. तुझा गुडघा कसा आहे? यंदा कोकरं जगली का? ती लंगडी बकरी अजून तुलाच ढुशा मारते का? तुझा फोन कधी लागत नाही, म्हणून पत्र लालाजींच्या दुकानावर धाडतोय. पीठ-मीठ न्यायला येशील तेव्हा ते वाचून दाखवतील. (लालाजी, राम राम. कंसातलं फक्त तुमच्यासाठी आहे, ते मोठ्यानं वाचू नका. आणि दुकानात गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला वाटेला लावा.)

भाऊ, भोटूच्या काळजीनं माझा जीव टांगणीला लागलाय. त्याला घास जात नाही. मेंढ्या तुझ्या हवाली करून मी पालमपूरजवळच्या गावी पोराच्या घरी आलो तेव्हा हा माझ्या मागोमाग आला. वाटलं, चला, दोघांनाही म्हातारपणी गच्चीवरचं ऊन मिळेल. पण गद्दी मेंढपाळाचा कुत्रा तो! बिबट्याशी झोंबलेल्या जनावरानं आता पायपुसण्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला हुंगायच्या. सकाळ झाली की जिन्यात बसून धौलाधारच्या डोंगरांकडे डोळे लावतो. बर्फ कुठवर वितळलं, जोतीची खिंड उघडली का, तुझा कळप कुठं पोचला असेल, हाच त्याला घोर. मक्याची रोटी पुढं आली की तोंड फिरवतो. गादी दिली तर ती त्याला टोचते. पांघरुणाला साबणाचा वास येतो, मेंढीचा येत नाही, म्हणून रात्रभर कूस बदलत राहतो. टीव्ही लागला की उठून जातो. (कुत्र्याच्या मनातलं ह्याला कसं कळतं, असं म्हणाल लालाजी. जनावराबरोबर आयुष्य काढलं की कळतं. तुम्हाला नाही का, गिऱ्हाईक पायरीवर असतानाच कळतं की उधार मागणार म्हणून?)

शेवटी त्याला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर अगदी पोरगेलासा. त्यानं भोटूला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, आजोबा, ह्याचं वजन वाढलंय. मी म्हटलं, आधी काटा दुरुस्त करून घ्या. तर म्हणे, कुत्रा ठणठणीत आहे, चेहरा तुमचा उतरलाय, तुम्हीच चढा बघू काट्यावर. आता सांग, मी गुरांच्या काट्यावर चढू? रागानं भोटूला घेऊन बाहेर पडलो. वाटेत ह्यानं मिठाईच्या दुकानासमोर बसकण मारली. बिचाऱ्याला चालवतसुद्धा नाही.

आणि मग ते लग्न. इथल्या गावच्या प्रधान, म्हणजे सरपंच, कौशल्याबाई, त्यांच्या मुलीचं. धामला, लग्नाच्या जेवणाला, आमच्या घराला बोलावणं होतं. भोटूला घरी ठेवलं होतं, पण तो कडी काढायला शिकलाय. मैदानात लांबलचक पंगत बसलेली, पत्रावळींवर भात आणि दह्यातल्या चण्यांचा मदरा, आणि हे महाराज हजर! माणसं अशी एका ओळीत, माना खाली घालून खाताना त्यानं बघितली आणि भाऊ, त्याचं शेपूट जे उभं राहिलं! पंगतीभोवती एक फेरी मारली आणि राखणीला बसला. खाऊन झालं, तरी कुणाला उठू देईना. चावला नाही हो कुणाला, शपथ. नुसता समोर येऊन उभा राहायचा आणि बघायचा. नवरदेवाच्या मामांना घाईनं एका बाजूला जायचं होतं, त्यांना तीनदा खाली बसवलं. प्रधानबाई तरातरा आल्या, तर त्यांच्या ओढणीचा पदर हलकेच दातांत धरून त्यांनाही पंगतीत नेऊन बसवलं. पुढची पंगत उपाशी उभी, भात गार होतोय, आणि सगळं लग्न माझ्याकडे बघतंय.

शिट्टी घातली की भोटू ऐकतो, हे तुला ठाऊकच आहे. पण पोरानं मला नवी कवळी बसवून दिलीय. ती घालून जेवता येतं, हसता येतं, शिट्टी काही घालता येत नाही. बोटं तोंडात घातली तर नुसती हवा सुटली. शेवटी लाज सोडून कवळी काढली आणि शेजारी बसलेल्या मामांच्या हातात दिली. (त्यांनी ती का घेतली, देव जाणे.) मग शिट्टी घातली. पण घाबरल्यावर माणसाला जी येते तीच सुचते. नेमकी संध्याकाळची शिट्टी निघाली, मेंढ्या वाड्यात घालायची! भोटूनं अख्खी पंगत उठवली आणि शाळेच्या पडवीत नेऊन कोंडली. नवरदेवासकट.

प्रधानबाईंनी चार माणसांत मला सुनावलं, की कुत्र्याला साखळी घाला, नाहीतर गावाबाहेर काढा. भाऊ, खरं सांगतो, साखळीला बांधला तर हा झुरून मरेल. आणि ह्याच्याशिवाय मी इथं कुणाशी बोलू? पोरगा भला, सून त्याहून भली, पण त्यांना कामं असतात. म्हणून पदर पसरतो. तुझा कळप वर चढताना इकडूनच जाईल, तेव्हा भोटूला घेऊन जा. त्याला डोंगर दे, चार मेंढ्या दे, उघड्यावरची झोप दे. तो जगेल.

वहिनीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
फिन्नू

ता. क. तू जाणतोसच, भोटू माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तेव्हा त्याच्याबरोबर कुणीतरी जोतीपर्यंत तरी यायला हवं. कुणी यावं ते तूच ठरव. मी आपलं सुचवलं.

ता. क. दुसरा. ताऊजी, मी तुमची पुतणसून वीणा. बापूंनी टपालात टाकायला दिलं म्हणून वाचलं, माफ करा. (लालाजी, हे मात्र मोठ्यानं वाचा.) भोटू दोन्ही वेळ ताट चाटूनपुसून खातो, वर शेजारी जाऊन खातो. प्रधानबाई दुसऱ्याच दिवशी स्वतः त्याला मदरा घेऊन आल्या. एवढी शिस्तीची पंगत गावात कधी उठली नव्हती म्हणे. आता तो शाळेतली पोरं घरोघरी पोचवतो. त्याला इथं कसलीही ददात नाही. ताट परत येतं ते बापूंचं. गादीही त्यांनाच टोचते. आम्ही विचारलं तर म्हणतात, मला काय धाड भरलीय, कुत्र्याचं बघा.

तेव्हा यंदा बापूंना घेऊन जा. त्यांचा डोंगरावरचा लोकरी चोला मी उन्हात घातलाय. भोटू मागे लागला तर त्यालाही येऊ द्या, राहिला तर आमच्याजवळ राहील. पण बर्फ पडायच्या आत बापूंना माघारी आणून सोडा. रोज संध्याकाळी भोटू घरातली एकूण एक खाट हुंगून येतो, आणि माणूस कमी असलं तर दारात उभा राहतो, कुणाला जेवू देत नाही. आम्हालाही मग घास जायचा नाही.