चिंचेने घासलेला अडकित्ता

मी, सेसिलिया येओ गेक सिम, वय एकोणसत्तर, अविवाहित, राहणार मलाक्का, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. धाकटी बहीण स्वी लियान दाराआडून डोकावते आहे. ते दडपण समजू नये.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा स्वी लियानला. मागचं छप्पर गळतं, हे तिला वीस वर्षं सांगते आहे.

२. बँकेतली शिल्लक तिची मुलगी मेई फॉन हिला.

३. रंग आणि ब्रश माझ्या कॉन्व्हेंटला. चकाकी रंगवायची नसते, तेवढा कागद कोरा सोडायचा, हे सिस्टर फिलोमेनांनी मला तिथेच शिकवलं.

४. घरातल्या जुन्या वस्तूंची मी काढलेली बेचाळीस जलरंगचित्रं, एक सोडून, मेई फॉनला. खुद्द वस्तूही तिलाच: चुन्याची डबी, रॉकेलची चिमणी, केकचे लाकडी साचे. त्या कोणीही घासू, उजळू नयेत. कोणीही म्हणजे स्वी लियान.

५. आईचा पितळी मुठीचा अडकित्ता. मुठीवर अंगठ्याचा काळसर डाग होता. आईची तेवढीच खूण उरली, म्हणून मी तो चार दिवस रंगवत बसले. पाचव्या दिवशी पाहते तर नववर्षाच्या साफसफाईत बाईसाहेबांनी चिंचेच्या कोळाने घासून तो लखलखीत केलेला! मी सात महिने तिच्याशी बोलले नाही. मागच्या मृत्युपत्रात तिला नुसता अडकित्ता ठेवला होता: घास म्हणावं जन्मभर.

परवा मासे साफ करता करता तीच मला, आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणाली, "ताची, कुणाचा अंगठा म्हणालीस?"

"आईचा!"

"शेवटची नऊ वर्षं आईचे हात लटपटत होते. तू क्वालालंपूरला पोरींना चित्रकला शिकवत होतीस. मग सुपारी काय भूत कातरत होतं?"

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी? आणि मला काय माहीत, तू माझ्या हाताच्या मळाचं चित्र काढतेयस!"

सबब मागचं मृत्युपत्र रद्द. अडकित्ता आणि त्याचं चित्र, दोन्ही स्वी लियानला. चित्रामागचं 'आईचा अंगठा' खोडून मी 'लियानचा' असं लिहिलं आहे.

६. त्या चित्राच्या चौकटीला शेजारच्या मायकलने मागून खिळे ठोकावेत. हे जलरंग आहेत, लियान. ओलं फडकं लावायचं नाही.

७. लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, हे तिला तीनदा सांगितलं. तरी खालच्या कोपऱ्यात हळदीचा अंगठा उमटलाच. तो साक्ष म्हणून धरू नये. पुसूही नये.

सही: सेसिलिया येओ गेक सिम

साक्षीदार:
मायकल लाझारू, शेजारी
सरोजिनी पिल्लै, निवृत्त शिक्षिका

मलाक्का, २३ सप्टेंबर २०१२