फ्लॅशवर आलेला आळ

अप्पा, परवा मुरुमला एका लग्नात त्या आडत्याचा मुलगा भेटला. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पण खोड तीच. भर पंगतीत मला म्हणाला, "तुमच्या अप्पांनी आमचा समुद्रघोडा मारला बघा! एका फ्लॅशमधी खलास." सगळे फिदीफिदी हसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आपल्या फोटो स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, तरी हा आळ काही सुटत नाही. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. ताटावरून उठले मी.

त्यांच्या घरातली ती काचेची पेटी मला लख्ख आठवते. मुंबईहून कुणीतरी आणून दिलेला बोटाएवढा घोडा, शेपटीनं प्लास्टिकच्या झाडाला धरून उभा. असला जीव घरात ठेवायचाच नसतो, पण हे त्यांच्या गावीही नव्हतं. समुद्र खारट असतो, एवढंच ठाऊक. म्हणून बोअरच्या पाण्यात जाडं मीठ! वर पत्रे, उन्हाळ्याचे दिवस, पेटीतलं पाणी आटायचं. आडत्याची बायको रोज तांब्याभर पाणी ओतायची आणि वर मूठभर मीठ, लोणच्याच्या बरणीत टाकावं तसं. अहो, पाणी उडून जातं, मीठ कुठं जातं? ते आतच साठत राहायचं. अशात नातवाचं बारसं निघालं. तुम्ही बाळाचे फोटो काढता, मी बॅग धरून शेजारी. मग आडत्या म्हणतो, "आमच्या पोरांचा घोड्यासंगं एक काढा की." मलाही त्यात उभं करतात. तुम्ही एकच फोटो काढता. संध्याकाळी घोडा मेलेला.

झालं! "फ्लॅशनं घोडा मेला, मग लेकराच्या डोळ्याचं काय व्हईल?" ही बोंब त्याच बाईनं गावभर केली. बारशाची बोलावणी बंद झाली. लहान बाळ असलं की फ्लॅशवर रुमाल धरणारे तुम्ही, आणि तुम्हालाच लोक लेकरांपासून लांब ठेवू लागले! आई चुलीपुढं रडत होती. मी म्हटलं, "अप्पा, जाऊन सांगा की त्यांना." तुम्ही लेन्स पुसत म्हणालात, "जाऊ दे गं. त्यांच्या दारातलं जितराब मेलंय. आपुन कशाला वाद घालायचा?" त्या शब्दांचा मला अजून राग येतो. तुमच्या चांगुलपणाचा फायदा घेतला त्यांनी, आणि तुम्ही घेऊ दिलात. का गप्प बसलात, सांगा ना!

मासे पाळणाऱ्या एका जाणत्या बाईंना मी मागं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, फ्लॅशनं तो दचकत असेल, सारखा फ्लॅश मारू नये हे खरं, पण एका फ्लॅशनं घोडा कशाला मरतोय? पाणी बिघडलं की मरतो, हाताळला तरी खचतो. परवा हात धुऊन मी परत पंगतीत गेले आणि मिठाचं सगळं सांगितलं, आवाज चढवून. तो म्हणाला, "व्हय का? आईला कुठं ठावं हुतं." आणि जिलेबी वाढून घेतली. बस, एवढंच!

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून लिहिते. बारशाच्या त्या सकाळी घोड्यासंगं फोटो काढायचं ठरलं आणि तुम्ही कॅमेऱ्यात नवा रोल भरत होता, तेव्हा मी पेटीपाशी गेले होते. घोडा तळाला आडवा पडला होता. आता फोटो काढणार नाहीत असं वाटून मी पाण्यात हात घातला, त्याला चिमटीत धरून उचललं आणि त्याची शेपटी पुन्हा झाडाला गुंडाळली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा राहिली. मला फोटोत यायचं होतं, अप्पा. परवा एवढं बोलले, पण हे तिथं बोलले नाही.