होल्डवरचे मेडिकल रिपोर्ट

३ मार्च, सोमवार
सामंतांचा फोन. आमची रंगाची फॅक्टरी बंद झाल्यापासून उरलंसुरलं काम ठाण्याच्या ऑफिसातून हेच बघतात. मी जिथे ऑपरेटर होते ते जुनं कॉम्प्युटरचं मशीन महिनाअखेर भंगारात जाणार. त्याआधी हजेरीचे सगळे रिपोर्ट टेक्स्ट फाइल करून हवेत, कामगारांच्या कुठल्याशा केसमध्ये लागतायत. म्हणाले, "विद्याताई, ते हिरव्या स्क्रीनचं कुणालाच येत नाही हो आता." हो म्हटलं. फोन ठेवल्यावर उगाच खूश.

५ मार्च, बुधवार
वागळे इस्टेट. मशीन चालू झालं! पण एका डिस्कचा दिवा केशरी. पासवर्ड आठवत नव्हता, बोटांना आठवला.
चौदाशेच्या वर स्पूल पडून. सामंत म्हणाले, "हे म्हणजे काय?" म्हटलं, छापायला पाठवलेला रिपोर्ट कागदावर उतरेपर्यंत मशीन सांभाळून ठेवतं, तो स्पूल. "मग स्क्रीनवर दिसतोय ना, कॉपी-पेस्ट करा ना." हसू आलं.
पहिली फाइल ऐंशी अक्षरांची रुंदी धरून काढली. ओळी उजवीकडून कापल्या गेल्या. मग १३२ केली. ठीक आली. ठळक छापायच्या ओळी दोनदा येतात, त्या हाताने काढायच्या. दिवसात साठ फाइली. कंबर गेली.

६ मार्च, गुरुवार
हजेरी सोडून एक वेगळी रांग सापडली. नाव मेडिकल. नऊ फाइली, वर्षाला एक. नऊच्या नऊ होल्डवर, म्हणजे छपाई रोखून ठेवलेल्या. समोर युजर माझा.
मीच ठेवलेल्या.
तेव्हाचे पर्सोनेलचे साहेब टेबलाशी येऊन सांगायचे, "हे प्रिंटरला सोडू नका. मी सांगेन तेव्हा." कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दर वर्षी दवाखान्याची गाडी यायची, पावडर खात्यातली माणसं नळीत फुंकायची, आणि हातात चिठ्ठी मिळायची, 'फिट'. त्या चिठ्ठ्याही मीच छापायचे.
घरी आले. जेवण गेलं नाही.

८ मार्च, शनिवार
शहाडला भोईरदादांकडे गेलेले. पावडर खात्यात बावीस वर्षं. ओट्यावर बसलेले, बाजूला ऑक्सिजनची टाकी. दोन शब्द बोलतात, थांबतात.
"काय गो ताय, कवा आलीस?"
त्यांच्या सूनबाई सांगत होत्या, कल्याणचे डॉक्टर जुने रिपोर्ट मागतायत. छातीचा त्रास फॅक्टरीत असताना सुरू झाला का नंतर, त्यावर भरपाईची केस अडलीय. कंपनीने लिहून दिलंय, असे रिपोर्टच नाहीत.
दादा म्हणाले, "मना तर दर साली फिट सांगितला."
 चहा अर्धा टाकून उठले.

१० मार्च, सोमवार
हजेरीची कामं चालू ठेवून मधे मेडिकलची एक फाइल काढली. नावं आली, आकडे आले, शेवटचा रकाना नाही. १३२ पण कमी. तो रिपोर्ट रुंद कागदावरचा, बारीक टाइपातला, १९८ अक्षरांचा. परत काढला.
शेवटचा रकाना शेरा.
भोईर टी. के. – धुळीच्या कामातून ताबडतोब हलवा.
मागच्या वर्षीची नुसती स्क्रीनवर उघडली. तेच. त्याच्या मागची. तेच. फॅक्टरी बंद व्हायच्या सात वर्षं आधीपासून. असा शेरा असलेली नावं एकूण एक्केचाळीस. पाच-सहा जण तर आता नाहीत, मला माहीत आहे. एकाच्या दहाव्याला मी गेलेले.

११ मार्च, मंगळवार
सामंतांनी मागे उभं राहून बघितलं.
"हे यादीत नाहीये."
म्हटलं, हे आहेत. कंपनीने नाहीत म्हणून लिहून दिलंय.
"त्या पत्रावर माझी सही आहे, ताई. मला जे सांगितलं ते मी लिहिलं." चेहरा उतरलेला. वाईट माणूस नाही. मग हळूच, "डिलीट करा. आणि बघा, प्रत्येक पानावर वर नाव तुमचंच येतंय. तुम्हालाच विचारतील."
खरंच येतंय. नऊ वर्षं, पानोपानी.

१२ मार्च, बुधवार
गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "तू ऑपरेटर होतीस गं, डॉक्टर नव्हतीस. वाचलेलंस तरी का कधी?"
वाचलं नव्हतं. पण का छापायचं नाही, एवढं तर कळत होतं ना. न वाचणं पण मीच ठरवलेलं.

१३ मार्च, गुरुवार
सामंत खुर्ची ओढून शेजारीच बसले. लॅपटॉपवर काढलेली फाइल आधी पुसायला लावली. मग मशीनवर नऊ फाइलींपुढे ४, म्हणजे डिलीट, टाइप केला. मशीनने विचारलं, नक्की? एंटर दाबलं की संपलं. बोट एंटरवर. किती वेळ, माहीत नाही.
सामंतांना फोन आला, बाहेर गेले. मी एफ बारा मारलं. रद्द.  शेवटच्या वर्षापासून मागे एकेक फाइल १९८ वर टेक्स्ट केली, लॅपटॉपवर, तिथून पेनड्राइव्हवर. सहा झाल्या. सातवीला स्क्रीन गोठली. दुसऱ्या डिस्कचाही दिवा केशरी झाला, मशीन बसलं ते बसलंच. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला.
सामंत आले. "गेल्या सगळ्या?"
"मशीनच गेलं," मी म्हटलं.
त्यांनी माझ्या पर्सकडे बघितलं. 

१६ मार्च, रविवार
सहा वर्षांचे रिपोर्ट छापून शहाडला. दादांना त्यांची ओळ वाचून दाखवली, सहाही वर्षांची. सून पदर तोंडाला लावून आत गेली.
 दादांनी पानावर वर बोट ठेवलं. "ह्यो तुजा नाव का हाय गो इथं?"
सांगितलं. सगळं. साहेब, होल्ड, चिठ्ठ्या.
"तवा सांगितला असतास…" दम लागला.  टाकीच्या नळीचा तेवढा आवाज. मला बस म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत.

१८ मार्च, मंगळवार
सकाळपासून सामंतांचे चार मिस्ड कॉल. उचलले नाहीत.
दुपारी सूनबाईंचा फोन, "बाबा म्हनतान, डाक्तरकडं तुमी पन या." कल्याणला गेले. रिक्षात दादा टाकी धरून बाहेर बघत होते.
डॉक्टरांनी सहाही कागद दोनदा वाचले. चष्मा काढला. "हे नुसते प्रिंट आहेत. मशीनमधून कुणी काढले, तेव्हा कुणाच्या ताब्यात होते, हे त्या माणसाने लिहून सही करून द्यायला हवं. उद्या त्याला कोर्टातही बोलावतील. आहे असं कुणी?"
दादा माझ्याकडे बघत होते.
मी पेन मागितलं.