स्वेच्छेने नकार

प्रिय नोरीन,

पाच महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड. पुढच्या बुधवारी तुमच्या शहरात आईच्या मृत्यूची चौकशी आहे आणि मला साक्षीला बोलावलंय. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय की शहरातल्या हॉस्पिटलला न्यायला विमान आलेलं असताना पेशंटने स्वेच्छेने जायला नकार दिला. खाली दुभाषी म्हणून माझी सही आहे. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आपण जिचं नाव आता ओठांवरही आणत नाही, तिचं नाव ते लोक दिवसभर मोठमोठ्याने घेणार आणि दर वेळी त्याला 'नकार' चिकटवणार. ते ऐकत मी गप्प बसायचं की बोलायचं, एवढाच प्रश्न आहे.

इकडचं म्हणशील तर सगळं जिथल्या तिथे आहे. दवाखान्यात मला एकोणीस वर्षं झाली, आणि गेल्या तीन वर्षांतली ही तेविसावी नर्स. सहा आठवड्यांसाठी येतात, पहिले दोन आठवडे माशांना वैतागतात, शेवटचे दोन सामान बांधतात. मधल्या दोनांत मी त्यांना शिकवते की औषधांच्या फ्रिजचं दार गुडघ्याने दाबावं लागतं, मेरीच्या घरी कुत्री चावतात आणि सासू-जावयाला एका बाकावर बसवायचं नाही. फ्रिज आणि कुत्री त्यांच्या लक्षात राहतात. मावशी परवा त्या नव्या पोरीला म्हणाली, "तू तरी लग्न होईपर्यंत थांब गं, आमच्यातलाच एखादा बघून देते." पोरगी लाजली. गेली शुक्रवारीच.

त्या दिवशीची नर्स येऊन चार दिवस झाले होते. स्वभावाने वाईट नव्हती, हे मला कबूल करावंच लागेल. आईचे पाय सुजले होते, दोन वाक्यं बोलून तिला धाप लागायची, ओठ निळे पडले होते. नर्सनेच फोन करून विमान मागवलं. तेव्हाच तुझा नवरा, क्लिफ्टन, इकडे काकांच्या मातीला दोन दिवसांसाठी म्हणून आलेला. पावसाने रस्ता बंद झाला आणि नऊ दिवस अडकला. डायलिसिसच्या तीन पाळ्या चुकल्या. त्याचा चेहरा इतका सुजला होता की मी त्याला आधी ओळखलंच नाही. विमानात पेशंटच्या जागा दोन, कोपराला कोपर लागेल अशा. शहरातल्या बाबूंनी हिशेब केला, दोन माणसं आणि दोन जागा, काम झालं.

आपल्यात सासू जावयासमोर येत नाही, त्याच्या दिशेला तोंड करत नाही, हे तुला मी काय सांगायचं. लग्नानंतर आई तुझ्या घरासमोरून जायची ती कायम लांबच्या वाटेने, आणि क्लिफ्टन तिचं जेवण तुझ्या हाती पाठवायचा. कांगारूचं शेपूट भाजलं की जाड टोक तिचं. वीस वर्षांत दोघं एक शब्द बोलले नाहीत, पण तेवढा मान तिला पोटच्या पोरांनीही दिला नाही, मीही नाही. आई विमानातून उतरली. नर्सने विचारलं, "घाबरली का?" मी काय सांगणार होते? तो हातभर अंतरावर स्ट्रेचरवर पडलेला. त्याच्या कानावर ते घालणं म्हणजे दोघांची अब्रू उघड्यावर मांडणं. मी एवढंच म्हणाले, "ती येत नाही." तिने फॉर्मवर खूण केली आणि मी सही केली. मध्ये चादर धरता आली असती का, हे मला विमान उडाल्यावर सुचलं.

मग मी दोन दिवस फोनला चिकटून होते. पलीकडची बाई म्हणे, "फाईलमध्ये नकार आहे, आता पुढचं विमान शुक्रवारी." मी सासू-जावयाचं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे घरगुती भांडण आहे का?" मला हसू आलं गं. रडू यायला हवं होतं, पण हसूच आलं. आई गुरुवारी सकाळी गेली, व्हरांड्यात, चहाचा मग पोटाशी धरून. शुक्रवारचं विमान वेळेवर आलं.

तुला कधी शंका आली नाही, यावर माझा विश्वास नाही. त्याच दिवशी, त्याच विमानाने तुझा नवरा आला. आली असेल शंका, आणि तू ती गिळली असशील, कारण आई हट्टी होती आणि बहीण नालायक होती, हे मानणं सोपं आहे. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं. तरी राग येतो तुझा.

हे आत्ताच का लिहितेय, ते ऐक. क्लिफ्टनला यातलं काही ठाऊक नाही. नाकातोंडावर ऑक्सिजन होता, डोळे मिटलेले. सासू हॉस्पिटलला घाबरली असंच तो समजतो. बुधवारी मी खरं बोलणार, आणि तेव्हा मला 'जावई' हा शब्द उच्चारावा लागेल. परक्या लोकांच्या तोंडून त्याला हे कळलं, तर तो शरमेने मशीनवर जाणं सोडेल. तो तसाच आहे, तुला माहीत आहे. म्हणून तू त्याला आधी सांग, घरात, शेजारी बसून. मला गप्प राहायला सांगू नकोस, एकदा राहून पाहिलं. आणि त्याला हे नीट सांग, की आईला मी आत बसवलं होतं, पट्टाही बांधला होता. त्याचं स्ट्रेचर दिसताच तिने डोक्यावरून घोंगडी ओढली आणि आतून म्हणाली, "सोड मला, नोरीनच्या माणसाला जाऊ दे." तो पट्टा मी सोडला, नोरीन. त्याने नाही.

तुझीच, तू बोलली नाहीस तरी,
ताई व्हर्ना