पांढरी पँट

प्रिय मर्व्ह,

त्या शनिवारी सकाळी मी क्लॅरीची पांढरी पँट दोरीवर टांगत होते आणि तो केटलीपाशी उभा राहून नर्सने शिकवलेला व्यायाम करत होता. लघवी अडवल्यासारखं आतून आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. प्रोस्टेटच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते. "विनी, पाणी उकळेपर्यंत तीनदा जमलं बघ!" तो खिडकीतून ओरडला. दिवसाला चार पॅड लागायचे, ते एकावर आले होते. त्या खुशीत त्याच दुपारी तो पुन्हा क्लबात, हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा आपला बोल्स खेळायला आला.

चहानंतर चेंडू टाकायला वाकला, आणि पांढऱ्या पँटवर डाग उमटला. तू हिरवळीच्या त्या टोकाहून म्हणालास, "काय रे म्हाताऱ्या, नळ गळतोय वाटतं?" सगळे हसले. "वॉशर बदलायला टाकलाय," म्हणत क्लॅरी सगळ्यांत मोठ्याने हसला. सँडविचचं ताट धरून मीही हसले, मर्व्ह.

मग तो कधीच आला नाही. तुम्हाला गुडघ्याचं कारण सांगितलं. पाणी पिणं कमी करू नका, असं नर्सने बजावलं होतं, तरी दिवसभर दोन घोटांवर राहायचा. संडासाच्या दाराजवळ खुर्ची, तेच त्याचं जग. दोन वर्षांनी हृदयविकाराने त्याला नेलं. त्याची पिशवी उघडली तेव्हा चेंडूंच्या मध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पॅड होता, वाळून कडक झालेला. कागदावर त्याच शनिवारची तारीख. क्लबात बायकांच्या संडासात वापरलेले पॅड टाकायला डबा आहे, तीस वर्षं मीच तो रिकामा करते. पुरुषांच्या संडासात डबा नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

ती पँट मी अजूनही दर शनिवारी धुते. वारा भरला की ती गुडघ्यात वाकते, चेंडू टाकायला वाकावी तशी. मी खिडकीकडे पाठ करून उभी राहते.

परवा तुझ्या शर्लीचा फोन आला. तुझंही तेच ऑपरेशन झालंय, आणि तू दाराबाहेर पडत नाहीस म्हणाली. तुला टोचायला हे लिहीत नाही. हसणाऱ्यांत मीही होते. काल मी ती पँट दोरीवरून काढली, घडी घालून ठेवून दिली, आणि क्लबात जाऊन पुरुषांच्या संडासात झाकणाचा डबा ठेवला.

तुझी मैत्रीण आणि क्लॅरीची बायको,
विनी