नाना, मागे टेकून बसा

तीर्थरूप नाना,

साष्टांग नमस्कार. खरं तर वर ‘कैलासवासी’ लिहायला हवं होतं. लिहू लागलो, पण हात अडला. माझ्यापासून चार हातांवर तुमची खुर्ची आहे आणि ती रिकामी आहे असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. सोमवारी कल्याणहून बैलगाडी येईल आणि ही खुर्ची कायमची घेऊन जाईल. त्याआधी तुमच्याशी बोलायलाच हवं, म्हणून कचेरीतून रजा घेऊन भर दुपारी हे लिहितो आहे.

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. खुर्चीचं काही करावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण तुमच्या लेकीला, दुर्गीला पाहायला कल्याणची माणसं येणार असं ठरलं, आणि मुलाचे वडील वकील! त्यांना बसवायचं कुठे? चामड्याला भेगा पडलेल्या, आतले घोड्याचे केस बाहेर आलेले. मी म्हटलं, नवी घेऊ. आई म्हणाली, "अरे, ह्यांनी जन्मात हौसेनं आणलेली एकच वस्तू. लाकूड शिसवी आहे, गादी तेवढी बदलून घे." आई म्हणाली हे, नाना! सोवळ्यापायी जिनं ती खुर्ची पडवीच्या आत कधी येऊ दिली नाही, ती आई!

पण तुमची हौस तरी काय म्हणावी! मिठाच्या खात्यात बारा वर्षं एका गोऱ्या साहेबापुढे उभं राहून तुम्ही कागद वाचलेत. एक दिवस साहेब ह्याच खुर्चीत बसल्याबसल्या तापानं गेला. त्याच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा सगळ्यांनी टाळलेली ही खुर्ची तुम्ही हमालाच्या डोक्यावर देऊन घरी आणलीत. आणि मग? वीस वर्षं तिच्या पुढच्या काठावर बसलात. पाठ म्हणून कधी टेकली नाहीत. असं बसायचं होतं तर आणलीत कशाला?

लहानपणी मी चिडवायचो, "नाना, खुर्ची चावते का हो?" तुम्ही हसायचात. "असू दे रे, मागे जरा जागा असू दे." कुणासाठी, ते मी का विचारलं नाही?

कल्याणचे इस्माइल मिस्त्री आले. कोच-खुर्च्यांच्या गाद्या भरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी चामडं उसवलं, केसांवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "रावसाहेब, ह्या खुर्चीत दोन माणसं बसतात. एक जाडा, तो मागे. एक बारीक, तो पुढे काठावर."

"बसत होते," मी म्हटलं. "आता दोघंही नाहीत."

त्यांनी हात काढून घेतला. "मोकळी राहिली तर गादी थोडी तरी वर येते, साहेब. ही आलेलीच नाही."

जुने केस फेकले, नवे भरले, वर जाड हिरवं कापड चढवलं. गादी पुरीसारखी फुगून आली. पाहुणे येईपर्यंत कुणी बसायचं नाही असं मी बजावलं, आणि कुणी बसलंही नाही. आठव्या दिवशी जेवून पडवीत आलो, तर गादी दोन ठिकाणी खचलेली. मागे खोल खड्डा, आणि पुढे काठाशी ओंजळीएवढा एक. मी हात लावून पाहिला. दोन्ही ऊबदार होते.

मी घाबरलो, नाना. पण तो ओंजळीएवढा खड्डा पाहून मला रडूही आलं.

पाहुणे आले. वकीलसाहेबांचा देह दांडगा. ऐसपैस मागे रेलले आणि रेलताक्षणी दचकून पुढे सरकले. काठावर बसून त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाले, "सतरंजीच बरी हो, खुर्चीत मागे जागा नाही." दुर्गी त्यांना पसंत पडली, ती काळजी नको. पण दाराआडून आईनं सगळं पाहिलं होतं.

"साहेब मेला तरी ह्यांची चाकरी सुटली नाही रे!" ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "घालव ती खुर्ची. आजच्या आज घालव."

घालवायची कशी? खुर्ची गेली तर तुम्ही कुठे बसणार? आणि सवयीनं तुम्ही त्या गाडीमागून चालू लागलात तर? ह्या एका भीतीनं मी आठवडा काढला.

शेवटी हिरवी खुर्ची न्यायला सोमवारची गाडी सांगितली आणि तुमच्यासाठी मुंबईहून वेताची नवी खुर्ची मागवली. परवा रेल्वेनं आली. आईनं तुमचा जुना अंगरखा कापून तिच्यासाठी उशी शिवली. काल दोघांनी ती पडवीत मांडली आणि मी मोठ्यानं सांगितलं, "नाना, ही तुमची. हिच्यात आधी कुणी बसलेलं नाही."

आज सकाळी उशी मधोमध दबलेली होती, अगदी पाठीपर्यंत! हिरव्या गादीचा काठ वर आला होता, मागचा खड्डा मात्र तसाच होता. आईला हाक मारली. तिनं उशीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "टेकले बाई एकदाचे."

इथवर लिहून झालं आणि आत्ता ती हिरवी खुर्ची करकरली. जड माणूस हाक मारायला पुढे वाकावा तशी. मी मान वळवली. समोर तुमची उशी हळूहळू वर येते आहे.

नाना, उठलात? उठू नका! माझी शपथ आहे, बसा!

तुमच्या जागेवर खात्यानं मलाच घेतलं आहे, उभं राहायची सवय मलाही आहे. हा पाहा, एवढं लिहून झालं की लेखणी ठेवून मी साहेबाच्या खुर्चीपुढे उभा राहतो. सोमवारी गाडीमागून, ती खाडी ओलांडते त्या उतारापर्यंत, मीच चालत जाईन. वाटेत हाक आली तर ‘जी साहेब’ मी म्हणेन. वचन देतो. तुम्ही मागे टेकून बसा.

तुमचा,
सदाशिव