निलगिरीच्या सावलीतला डबा

बाई, तुमची निलगिरी वाचली. परवाच्या ग्रामसभेत सगळी झाडं एकदम तोडायचं जवळजवळ ठरलंच होतं, आणि गंमत म्हणजे तोडण्याच्या बाजूनं बोलायला त्यांनी मलाच बोलावलं होतं. बरोबरच होतं त्यांचं. या झाडाविरुद्ध माझ्याइतका घसा जिल्ह्यात कुणी कोरडा केला नसेल. विहिरीशेजारी, बांधावर हे पाणीपितं परकं झाड लावू नका, हे मी नाशिकपासून सायखेड्यापर्यंत ओरडून सांगते आणि उद्याही सांगेन.

पण तुमची झाडं विहिरीशेजारी नव्हतीच. हरसूलकडच्या आपल्या शाळेमागे खडीची खाण बंद पडली होती, उघडा मुरूम तेवढा उरला होता, आणि दर पावसाळ्यात तो वर्गाच्या दारापर्यंत वाहून यायचा. तुम्ही आंबा लावलात, वाळला. करंज लावला, तोही वाळला. मग रोपवाटिकेतून निलगिरी आणलीत आणि नियम केलात की शाळा सुटताना प्रत्येकानं बाटलीतलं उरलेलं पाणी आपल्या रोपाला घालायचं. तेव्हा मी सातवीत आहे, कुठंतरी वाचून पेटलेली आहे, आणि बाटली पाठीमागं लपवून तुमच्याशी भांडते आहे. "बाई, हे झाड आपलं नाय!" तुम्ही चिडत नाही. "त्याच्या मुलखात ते खाणींनी सोललेली जमीन सावरतं. इथंही तेवढंच काम सांगितलंय त्याला. आणि ऐक, ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याच्या सावलीत आधी डबा खायचा." "सावली कुठंय? माझ्या गुडघ्याएवढं हाय ते!" "मग वाढू दे. तोवर तोंड बंद आणि बाटली उघडी."

परवा सभेला अवकाश होता म्हणून खाणीत जाऊन बसले. वक्तृत्वात पहिली आले तेव्हा तुम्ही दिलेला स्टीलचा डबा अजून वापरते. भाकरी मोडता मोडता पायाशी बघते, तर करंज! पलीकडे करवंदाची जाळी, शिवणीच्या झाडाची हातभर पोरं. पाखरांनी बिया टाकल्या, पाचोळ्यानं माती धरली, आणि तुमच्या हातून वाळलं ते आपोआप रुजलं. वरची झाडं एकदम पाडली तर हे सगळं त्यांच्याखाली चिरडलं जाणार, आणि मुरूम पुन्हा वर्गाच्या दारात.

सभेत उठले आणि म्हणाले, "एकदम तोडू नका. करंज माणसाच्या डोक्यावर गेला असेल तिथलीच निलगिरी काढा. बाकीची खालची पोरं मोठी होईतो राहू द्या."

सरपंचबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवो ताई, तुम्हाला तोडायच्या बाजूनं बोलवलं व्हतं!"

मागून एक आजोबा ओरडले, "लय वास घेतलाय तिनं निलगिरीचा, डोक्यात गेला!" सभा हसली, मीही हसले, आणि हसतहसतच माझ्या बाजूनं हात वर झाले. पावसाळा संपला की आम्ही सगळे मिळून काढायच्या झाडांवर खुणा करायला जाणार आहोत.

तुम्ही गेल्यापासून हे पाठवायला तुमचा पत्ता राहिलेला नाही, म्हणून घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवते आहे. सभेत मी छाती काढून सांगितलं की बाईंचा सावलीत डबा खायचा नियम पाळूनच बोलायला उभी राहिले. तुम्हाला खरं सांगते. नियम आठवला तो शेवटच्या घासाला. त्याआधी मला नुसती भूक लागली होती, ऊन चटचटत होतं, आणि तिथं सावली तेवढी तुमचीच होती.